उघडलेले ब्रेक ऑईल: वापरावे की टाकून द्यावे?

ब्रेक ऑईल भरून झाले की बाटलीत थोडे उरतेच. अर्ध्या लिटरची बाटली आणलेली असते, काम निम्म्यातच भागते, उरलेले बूच लावून फडताळात जाते. वर्षभराने गाडीतल्या ब्रेक ऑईलच्या डबीतली पातळी खाली गेलेली दिसते, तेव्हा ती बाटली आठवते आणि प्रश्न पडतो की हे ऑईल आता चालेल का? चार जणांना विचारले तर चार उत्तरे मिळतात. एक म्हणतो, सील तुटले की ऑईल वाया गेले. दुसरा म्हणतो, बूच घट्ट असेल तर पाच वर्षे काही होत नाही. तिसरा रंग पाहून निकाल देतो. चौथा म्हणतो, थोडेसेच तर टाकायचे आहे, एवढा विचार कशाला?

यातले प्रत्येक उत्तर कुठल्या ना कुठल्या परिस्थितीत बरोबर ठरते, म्हणूनच गोंधळ होतो. प्रश्न ब्रेकचा असल्याने अंदाजावर सोडता येत नाही, आणि घाबरून अर्धी बाटली गटारात ओतणे हेही उत्तर नव्हे. या द्रवाचे शास्त्र, त्याची मानके आणि गॅरेजमधला रोजचा व्यवहार एकत्र ठेवून पाहिले, तर बऱ्यापैकी स्पष्ट निर्णयापर्यंत पोचता येते.

सुरुवातीलाच एक मर्यादा सांगतो. हा विचार मोटारी, छोटी मालवाहू वाहने आणि डिस्क ब्रेकच्या दुचाकी यांच्यापुरता आहे. मोठे ट्रक आणि एसटीच्या बस यांचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि केबलच्या ड्रम ब्रेकमध्ये द्रव नसतोच.

उकळण्याशीच सगळा संबंध

बंद जागेतल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेत शिकलो. हायड्रॉलिक ब्रेक त्यावरच उभा आहे. पायाने पॅडल दाबले की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या द्रव ढकलतो आणि तो दाब नळ्यांतून चारही चाकांपर्यंत जातो. कॅलिपरचे पिस्टन पुढे सरकून पॅड डिस्कवर आवळतात. द्रव दाबला जात नाही, एवढ्या एका गुणावर ही यंत्रणा विसंबून असते. त्यात वाफेचा किंवा हवेचा बुडबुडा आला की तो आधी दाबला जातो. पॅडल खाली जाते, गाडी मात्र थांबत नाही.

बुडबुडा येतो उष्णतेमुळे. ब्रेक म्हणजे गतीचे उष्णतेत रूपांतर करणारे यंत्र. लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरताना गाडी सुमारे साडेपाचशे मीटर खाली येते. माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन १,५०० किलो मानले, तर या उतारावर सुमारे ८० लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. एवढ्या ऊर्जेत तीन लिटर साध्या पाण्याची पूर्ण वाफ होईल. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर यातला मोठा वाटा इंजिन उचलते, थोडा वाटा हवेचा विरोध उचलतो. न्यूट्रलवर गाडी सोडणाऱ्याच्या बाबतीत मात्र बहुतेक सगळा भार ब्रेकवर येतो. डिस्क काही शे अंशांपर्यंत तापते, ती उष्णता पॅडमधून पिस्टनमध्ये आणि पिस्टनमधून द्रवात उतरते.

यात एक बारकावा आहे. पॅडल दाबलेले असताना द्रवावर मोठा दाब असतो आणि दाबाखाली द्रव सहजासहजी उकळत नाही. पाय उचलला की दाब जातो आणि त्याच क्षणी वाफ धरते. म्हणजे आधीचा ब्रेक नीट लागला आणि पुढचा लागलाच नाही, असे होऊ शकते. दुसरा बारकावा असा की गाडी थांबल्यावर डिस्कवरचा वारा बंद होतो आणि साठलेली उष्णता कॅलिपरमध्ये झिरपत राहते. घाट उतरून चहाला थांबलेल्या गाडीचे पॅडल निघताना मऊ लागते ते यामुळे. अर्ध्या तासात गाडी थंड होते, वाफेचे पुन्हा द्रव होते आणि ब्रेक पूर्ववत लागतो. गॅरेजमध्ये काहीच सापडत नाही. हा दोष मागे खूण ठेवत नाही, म्हणून तो जास्त धोक्याचा.

ओलावा ओढणारा द्रवच का निवडला?

ब्रेक ऑईल हवेतला ओलावा ओढते. पावसाळ्यात मिठाच्या बरणीचे झाकण उघडे राहिले तर मीठ पाझरते, तसाच स्वभाव या द्रवाचा. मग असा द्रव निवडलाच कशाला?

माल्कम लॉकहीड यांनी १९१७ च्या सुमारास हायड्रॉलिक ब्रेकचे पेटंट घेतले आणि १९२१ मध्ये ड्युसेनबर्ग या अमेरिकी मोटारीत चारही चाकांना असे ब्रेक आले. त्या काळात एरंडेल आणि अल्कोहोल यांची मिश्रणे वापरत. ती लवकर उकळत आणि थंडीत घट्ट होत. पुढे ग्लायकॉल ईथर या कुळातले द्रव आले आणि तेच टिकले. ते रबरी सीलना मानवतात, कडाक्याच्या थंडीतही पातळ राहतात आणि पाण्याला स्वतःत विरघळवून घेतात.

या शेवटच्या गुणाकडे लोक दोष म्हणून पाहतात, पण तो हेतुपुरस्सर निवडलेला गुण आहे. यंत्रणेत थोडे पाणी शिरणारच. ते विरघळले नाही तर थेंबाथेंबाने सर्वांत खाली, म्हणजे नेमके तापणाऱ्या कॅलिपरमध्ये जमेल. तिथे ते १०० अंशांना उकळेल आणि लोखंड गंजवेल. सिलिकॉनवर आधारलेल्या डॉट ५ या द्रवाची हीच अडचण आहे. तो स्वतः पाणी घेत नाही, पण आत शिरलेले पाणी वेगळे साचते. त्यात हवेचे बारीक बुडबुडेही अडकतात, त्यामुळे एबीएसच्या गाड्यांना तो चालत नाही. तो इतर ब्रेक ऑईलमध्ये मिसळायचाही नसतो. नावे फसवी आहेत. डॉट ५ सिलिकॉनचे, तर डॉट ५.१ हे डॉट ३ आणि ४ प्रमाणे ग्लायकॉलच्या कुळातले.

मानकांतले दोन आकडे

डॉट म्हणजे अमेरिकेचे परिवहन खाते. त्याने ठरवलेल्या प्रतवारीत प्रत्येक प्रकाराचे दोन उत्कलनांक दिलेले असतात, एक कोरड्या द्रवाचा आणि एक ओल्याचा. सीलबंद ताज्या द्रवासाठी डॉट ३ ला किमान २०५, डॉट ४ ला २३० आणि डॉट ५.१ ला २६० अंश सेल्सिअस लागतात. ओला आकडा मोजण्यापूर्वी प्रयोगशाळेत द्रवाला ठरावीक पद्धतीने ओलावा देतात. तेव्हा पाण्याचे प्रमाण साधारण ३.७ टक्के धरलेले असते. या ओल्या द्रवासाठी किमान आकडे अनुक्रमे १४०, १५५ आणि १८० अंश आहेत. आपल्याकडच्या बाटल्यांवर भारतीय मानक ब्युरोच्या आयएस ८६५४ या मानकाचाही उल्लेख आढळतो.

आकडे नीट पाहिले की लक्षात येते, शंभरात जेमतेम पावणेचार भाग पाणी मिसळले तरी उत्कलनांक ६५ ते ८० अंशांनी खाली येतो. ही घसरण सरळ रेषेत होत नाही. पहिल्या एक-दोन टक्क्यांत ती सर्वांत तीव्र असते, पुढे मंदावते. ‘थोडासा ओलावा गेला असेल, काय बिघडते’ हे म्हणणे म्हणूनच लंगडे पडते. पहिला थोडासा ओलावाच जास्त महाग पडतो. डॉट ४ मध्ये बोरेट एस्टर असतात. ती पाण्याशी रासायनिक क्रिया करून त्याला बांधून ठेवतात, म्हणून हे ऑईल तुलनेने वरचढ ठरते. पण ही क्षमता अमर्याद नाही.

बाटलीत पाणी शिरते तरी किती?

मुख्य प्रश्न इथे आहे, आणि याबाबत ऐकीव मते जास्त, हिशेब कमी. म्हणून हिशेबच करून पाहू.

अर्ध्या लिटरची बाटली निम्मी भरलेली आहे, म्हणजे २५० मिली द्रव आणि त्याच्यावर २५० मिली हवा. जुलैतल्या रत्नागिरीची हवा घेऊ, ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता. अशा हवेत दर घनमीटरला सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते. म्हणजे बाटलीतल्या हवेत अवघे ६ मिलिग्रॅम पाणी. द्रवाचे वजन साधारण २६० ग्रॅम. ते सगळे पाणी त्यात विरघळले तरी प्रमाण ०.००२ टक्क्यांच्या आसपास राहते. ३.७ टक्क्यांपर्यंत पोचायला साडेनऊ ग्रॅमहून जास्त पाणी लागेल. बाटली उघडून लगेच मिटण्याची क्रिया दीड हजार वेळा केली तरच एवढे पाणी आत जाईल.

सील तुटताच ऑईल बाद होते, हा समज इथे गळून पडतो. बूच काढणे, ओतणे आणि लगेच घट्ट मिटणे यात जाणारा ओलावा नगण्य असतो.

आता दुसरी बाजू. तीच बाटली बूच न लावता ठेवली तर बाष्प तोंडातून सतत आत येत राहते. बाटलीचे तोंड दोन सेंटिमीटरचे धरले, तर कोकणातल्या पावसाळी हवेत दिवसाला ०.२ ग्रॅमपर्यंत पाणी शिरू शकते, असा ढोबळ हिशेब निघतो. म्हणजे दोन आठवड्यांत एक टक्का आणि पावसाळा सरेपर्यंत द्रव मानकातल्या ओल्या पातळीच्याही पुढे. बूच अर्धवट फिरवलेले असेल, त्यातली चकती हरवलेली असेल किंवा आटे तुटलेले असतील, तर वेग कमी असेल, पण दिशा तीच. मे महिन्यात नागपूरच्या ४२ अंशांच्या कोरड्या हवेत बाष्प याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतके असते. बाटली एकच असली तरी गावागणिक तिचे आयुष्य वेगळे.

तिसरी वाट प्लॅस्टिकची आहे. बाटलीची भिंत बाष्पाला पूर्ण अडवत नाही. भिंतीच्या जाडीप्रमाणे दमट हवेत वर्षाला एखादा ग्रॅम, फार तर दोन ग्रॅम पाणी तिच्यातून झिरपू शकते. भरलेल्या बाटलीत हे प्रमाण किरकोळ ठरते. निम्म्या बाटलीत तेवढेच पाणी निम्म्या द्रवात जाते आणि वर्षाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास भर पडते. बूच कितीही घट्ट असले तरी वर्षांमागून वर्षे बाटली ठेवू नये, त्याचे कारण हे. पत्र्याच्या डब्यात ही वाट जवळपास बंद असते.

आता बाटलीच्या तोंडाकडे जवळून पाहू. बुचाखाली ॲल्युमिनियमच्या वर्खाचे सील असते. अमेरिकी मानकात सहा औंस किंवा त्याहून मोठ्या डब्यांना असे आतले सील आणि पुन्हा मिटता येणारे बूच सक्तीचे आहे. गॅरेजमध्ये पुष्कळदा हा वर्ख सोलला जात नाही. स्क्रू ड्रायव्हर खुपसून भोक पाडतात आणि त्यातूनच बारीक धारेने ऑईल ओततात. भोक लहान म्हणून ऑईल सुरक्षित, असे वाटते. पण वर्खाचे कपटे आत पडतात, स्क्रू ड्रायव्हरवरचे ग्रीस आत जाते आणि वाकलेल्या वर्खामुळे बूच काठावर सपाट बसत नाही. वर्ख पूर्ण सोलून, काठ कोरड्या फडक्याने पुसून बूच घट्ट बसवणे केव्हाही चांगले.

पाण्याहून वाईट भेसळ

उघडलेल्या बाटलीची चर्चा ओलाव्यावर अडकून पडते. माझ्या मते मोठा धोका भेसळीचा आहे. ब्रेक ऑईल खनिज तेलाच्या जातीचे नाही. इंजिन ऑईल, पॉवर स्टिअरिंगचे ऑईल किंवा डिझेल यांचा थोडा अंशही मिसळला तर ब्रेकमधली रबरी सील फुगतात. मास्टर सिलिंडरचे वायसर फुगले की पिस्टन मागे येत नाही, ब्रेक धरून राहतात, पुढे गळती सुरू होते. मग ऑईल बदलून भागत नाही. रबराचा जवळपास प्रत्येक भाग बदलावा लागतो.

ओलावा महिन्यांच्या हिशेबाने नुकसान करतो, भेसळ एका ओतण्यात करते. भेसळीच्या नेहमीच्या वाटाही माहितीच्या आहेत. मोठ्या डब्यातले ऑईल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत काढून ठेवणे, इंजिन ऑईलचे नरसाळे न पुसता वापरणे, आणि ब्रेकमधली हवा काढताना चाकाजवळच्या निपलच्या नळीतून आलेले जुने ऑईल ‘स्वच्छ दिसतेय’ म्हणून पुन्हा बाटलीत ओतणे. मूळ डब्याखेरीज दुसऱ्या कशात साठवू नका आणि रिकामा डबा पुन्हा भरू नका, या सूचना मानकाने डब्यावर छापायला लावल्या आहेत त्या याचसाठी. बिनलेबलाच्या बाटलीतले ब्रेक ऑईल कितीही ताजे सांगितले तरी घेऊ नये. त्यात काय आहे, हे पाहून कळत नाही.

ओळखायचे कसे?

रंगावरून नाही. गाडीतले ऑईल काळपट होते ते रबराचे कण, झीज आणि उष्णता यांमुळे. बाटलीतल्या द्रवात पाणी विरघळले तरी तो तसाच पारदर्शक, फिकट पिवळसर राहतो. उघडून तीन पावसाळे झालेली बाटली नवीसारखी दिसू शकते. मात्र गढूळपणा, तळाशी कण, दोन थर किंवा वेगळा वास आढळला तर पुढे काही तपासायची गरज नाही. ते ऑईल बाद.

बाजारात पेनासारखे दिवे लागणारे तपासणी यंत्र मिळते. ते द्रवाची विद्युतवाहकता मोजून ओलाव्याचा अंदाज देते. पण प्रत्येक कंपनीच्या द्रवातली रसायने वेगळी, त्यामुळे वाहकताही वेगळी. हिरवा दिवा लागला म्हणून निर्धास्त होऊ नये. तांब्याचे प्रमाण दाखवणाऱ्या पट्ट्याही असतात. गाडीतल्या नळ्यांतून ऑईलमध्ये उतरलेल्या तांब्यावरून गंजरोधक रसायने किती संपली हे त्या सांगतात. त्या गाडीतल्या ऑईलसाठी उपयोगी, बाटलीसाठी निरुपयोगी.

सर्वांत भरवशाचे म्हणजे थोडा नमुना प्रत्यक्ष तापवून उत्कलनांक मोजणारे यंत्र. काही मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये ते असते. प्रयोगशाळेत कार्ल फिशर पद्धतीने पाण्याचे नेमके प्रमाण काढता येते. पण दीडशे मिली उरलेल्या ऑईलसाठी तिथवर जाण्यापेक्षा नवी बाटली स्वस्त पडते. घरी असलेल्या माणसाकडे खात्रीचे साधन एकच राहते, ते म्हणजे तारीख. आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार बाटलीवर निर्मितीचा महिना आणि वर्ष छापलेले असते. उघडल्याची तारीख आपण मार्करने लिहायची असते. ती लिहिलेली नसेल तर बाटलीचे वय कुणालाच सांगता येणार नाही.

वेगवेगळी मते आणि त्यांचे वजन

सील तुटले की टाकून द्या, असे म्हणणाऱ्यांमध्ये रेसिंगची मंडळी पुढे असतात आणि त्यांच्या जागी ते बरोबर आहेत. त्यांच्या काही द्रवांचा कोरडा उत्कलनांक ३०० अंशांच्या वर असतो. त्यांना प्रत्येक अंश हवा असतो आणि शर्यतीत डिस्क लालबुंद होते. पुणे ते सातारा जाणाऱ्या कुटुंबाच्या गाडीला तोच निकष लावायचे कारण नाही.

बाटली घट्ट असेल तर चालते, असे सांगणाऱ्या जुन्या मिस्त्रींचे म्हणणे वरच्या हिशेबात टिकते, पण ‘घट्ट’ या एका अटीवर. ज्या बाटलीतून दिवसाला दहा गाड्यांना ऑईल जाते, ती आठवड्यात संपते. तिच्याबद्दल काळजी नको. वर्षभर कपाटात पडलेल्या बाटलीला तोच अनुभव लावता येत नाही.

उत्पादक बहुधा सावध भूमिका घेतात. बाटली उघडल्यावर लवकर वापरा, घट्ट मिटून ठेवा. यात विक्री वाढवण्याचा हेतू आहे, अशी शंका घेतली जाते. पण ग्राहकाने बूच कसे लावले आणि बाटली कुठे ठेवली, हे उत्पादकाला कळण्याचा मार्ग नाही. सरसकट सूचना द्यायची तर ती सावधच असणार.

मग निर्णय काय?

ऑईल कुठे वापरायचे, यावर उत्तर ठरते.

पूर्ण ऑईल बदलायचे असेल, कॅलिपर किंवा मास्टर सिलिंडर उघडला असेल, तर नवी सीलबंद बाटलीच घ्यावी. यात तडजोड नको. हे ऑईल पुढची दोन वर्षे गाडीत राहणार आहे. सुरुवातच एक टक्का ओलाव्याने केली तर दोन वर्षांचे काम दीड वर्षातच संपेल. एबीएस असलेल्या गाडीत हा नियम आणखी कडक धरावा. २०१९ च्या एप्रिलपासून आपल्याकडे सगळ्या नव्या मोटारींना आणि १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे आहे, म्हणजे आता बहुतेक नव्या गाड्या यात येतात. एबीएसच्या आतल्या झडपा अतिशय बारीक असतात. गंज आणि कचरा त्यांना सोसत नाही आणि तो भाग बदलण्याचा खर्च मोठा असतो.

पातळी थोडी भरायची असेल आणि बाटली मूळची, लेबल असलेली, वर्ष-सव्वा वर्षाच्या आत उघडलेली, पूर्ण मिटलेली आणि कोरड्या जागी ठेवलेली असेल, तर ते ऑईल बिनदिक्कत वापरावे. प्रकार मात्र गाडीच्या पुस्तिकेत दिलेलाच हवा. डॉट ४ च्या गाडीत डॉट ३ टाकू नये. कोकणात, गोव्यात, मुंबईत ही मुदत सहा महिन्यांवर आणावी, विशेषतः बाटलीने एक पावसाळा पाहिला असेल तर. यातली एकही अट पुरी होत नसेल तर ती बाटली ब्रेकसाठी संपली असे समजावे. हायड्रॉलिक क्लचला ब्रेकइतकी उष्णता लागत नाही हे खरे, पण पुष्कळ गाड्यांत क्लच आणि ब्रेक एकाच डबीतून ऑईल घेतात. तेव्हा ‘क्लचला चालेल’ ही पळवाट नको.

दुचाकीवाल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. हँडलवरच्या डबीत आणि नळीत मिळून ऑईल थोडेच असते. थोड्या ऑईलमध्ये थोडेसे वाईट ऑईलही मोठा वाटा घेते. दुचाकीसाठी शंभर मिलीची लहान बाटली मिळते. तीच घ्यावी, म्हणजे उरण्याचा प्रश्नच मिटतो.

पातळी खाली का गेली, हा आधीचा प्रश्न

बाटली हातात घेण्याआधी डबीत ऑईल का कमी झाले ते पाहायला हवे. ब्रेक ऑईल इंजिन ऑईलसारखे जळून संपत नाही. पॅड झिजले की पिस्टन पुढे सरकतात, त्यांच्यामागे जास्त द्रव जातो आणि डबीतली पातळी हळूहळू उतरते. हे नैसर्गिक आहे. अशा वेळी ऑईल भरले तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलावे लागतात आणि डबी भरून वाहते. सांडलेले ऑईल रंग उडवते, ते लगेच भरपूर पाण्याने धुवावे लागते. पातळी ‘मिनिमम’च्या रेषेवर आली असेल तर आधी पॅड तपासा. पातळी झटक्यात उतरली असेल, चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसत असेल, तर ती गळती आहे. तिथे ऑईल भरणे म्हणजे दोष लपवणे. गाडी उभी करून मिस्त्रीला बोलवा.

म्हणजे उरलेली बाटली ज्या कामासाठी जपून ठेवतो, ते काम बहुतेक वेळा निघूच नये.

खरे जुने ऑईल गाडीतच असते

उघडलेल्या बाटलीची एवढी चिंता करणारे आपण, गाडीतल्या ऑईलबद्दल मात्र बेफिकीर असतो. ते ऑईल केव्हा टाकले, हे बहुतेकांना सांगता येत नाही. बाटलीला निदान घट्ट बूच आणि थंड फडताळ मिळते. गाडीतल्या ऑईलला रबरी होज असतात, त्यांच्या भिंतीतून बाष्प सतत झिरपते. डबीच्या झाकणातून यंत्रणा श्वास घेते. रोज तापणे आणि निवणे चालू असते. गाडीतल्या ऑईलमध्ये वर्षाला साधारण एक ते दोन टक्के पाणी वाढते, असे धरले जाते. दोन वर्षांत ते मानकातल्या ओल्या पातळीच्या जवळ येते. बहुतेक उत्पादक दोन वर्षांनी ऑईल बदलायला सांगतात, त्यामागचे गणित हेच.

वरून ताजे ऑईल भरल्याने हे पाणी कमी होत नाही. ब्रेकमधला द्रव इंजिन ऑईलसारखा फिरत नाही, जागच्या जागी पुढे-मागे सरकतो. डबीत नवे ऑईल चमकत असते, तर चाकाजवळच्या कॅलिपरमध्ये, जिथे उष्णता सर्वांत जास्त, तिथे चार वर्षांचे जुने ऑईल तसेच राहते. ते बदलायचे तर चारही निपल उघडून, प्रत्येक चाकाशी स्वच्छ ऑईल येईपर्यंत जुने काढावे लागते. नुसती डबी उपसून भरणे म्हणजे ऑईल बदलणे नव्हे. सर्व्हिसला गाडी दिली असेल तर ‘चारही चाकांतून काढले का?’ असे स्पष्ट विचारा.

काम कमी किलोमीटर झाले म्हणून पुढे ढकलू नका. ओलावा किलोमीटर मोजत नाही. आठवड्यातून एकदा बाजारात जाणाऱ्या गाडीतही पाणी तेवढ्याच वेगाने शिरते, आणि तीच गाडी गणपतीला कशेडी किंवा कुंभार्ली घाटातून माणसे आणि सामान घेऊन उतरते.

ठेवणे आणि टाकणे

उरलेले ऑईल ठेवायचे तर मूळ बाटलीत, उभे, कोरड्या आणि सावलीच्या जागी, मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवा. ग्लायकॉलचे हे द्रव पोटात गेले तर विषारी असतात. ब्लीचिंग पावडरीपासून ते लांब ठेवा. गावाकडे विहिरीसाठी आणलेली क्लोरीनची भुकटी आणि गाडीचे सामान पुष्कळदा एकाच कोठीत असते. तीव्र क्लोरीनच्या भुकटीवर ब्रेक ऑईल सांडले तर काही वेळाने ते आपोआप पेट घेऊ शकते.

बाद झालेले ऑईल गटारात, मातीत किंवा इंजिनच्या जुन्या ऑईलमध्ये ओतू नका. ते वेगळ्या, ठळक नाव लिहिलेल्या बाटलीत भरून, वापरलेले द्रव रीतसर विल्हेवाटीसाठी देणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे द्या. लागेल तेवढीच बाटली घेणे हा कचरा कमी करण्याचा उत्तम मार्ग. मोटारीच्या पूर्ण यंत्रणेत साधारण अर्धा ते एक लिटर ऑईल बसते. आपल्या गाडीला किती लागते ते पुस्तिकेत पाहून किंवा मिस्त्रीला विचारून खरेदी करा.

उरलेल्या बाटलीबद्दल शंका येणे चांगलेच आहे. तीच शंका आता गाडीकडे वळवा. सर्व्हिसचे कागद काढा आणि ब्रेक ऑईल शेवटचे केव्हा बदलले ती तारीख शोधा. तारीख दोन वर्षांच्या आतली असेल तर उघडलेली बाटली वर सांगितलेल्या अटींवर खुशाल जपून ठेवा. तारीख त्याहून जुनी असेल, किंवा सापडतच नसेल, तर त्या बाटलीचा विचार सोडून नवी सीलबंद बाटली आणा, चारही चाकांतून ऑईल बदलून घ्या आणि ती तारीख डबीच्या शेजारी बॉनेटखाली लिहून ठेवा. काही शे रुपयांचे आणि तासाभराचे काम आहे. पुढच्या घाटात आपल्या माणसांचा भार त्याच द्रवावर असणार आहे.